निकाल परीक्षेचा असतो, माणसाचा नव्हे

रविवारची मिस्सा संपते. चर्चच्या आवारात माणसे घोळक्याघोळक्याने उभी राहतात. एकमेकांची ख्यालीखुशाली विचारली जाते. कुणाच्या घरी बाळ आले, कुणाचे लग्न ठरले, कुणाचा मुलगा परदेशाहून आला, अशा गप्पा रंगतात. त्यात एक प्रश्न हमखास येतो, "काय गं बाय, लागला का तुझा सी.ए.चा निकाल?" विचारणाऱ्याच्या मनात मायाच असते. परंतु निकाल लागून आठ दिवस झालेले असतात आणि त्या मुलीला उत्तर देताना जमिनीकडे पाहावे लागते.

आमच्या परिचयाची एक मुलगी दोन प्रयत्नांनंतर पहाटेच्या मिस्सेला जाऊ लागली. कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, "पहाटे ओळखीचे कमी भेटतात." ही मुलगी अभ्यासात कच्ची नव्हती. बारावीला तिला उत्तम गुण होते, इंटरमीजिएटची परीक्षा ती पार करून गेली होती. तिला परीक्षेपेक्षा परीक्षेनंतरच्या माणसांचे भय वाटू लागले होते. तिच्या त्या एका वाक्याने आम्हांला हा लेख लिहिण्यास प्रवृत्त केले. व्यावसायिक लेखापालाच्या परीक्षांकडे निकोप मनाने कसे पाहावे, याचा विचार परीक्षार्थींनी तर करावाच. पण त्यांच्या आईवडिलांनी आणि आपण सर्वांनीही करावा असे आम्हांस वाटते.

परीक्षेचे स्वरूप

पुष्कळ घरांत मुलगा किंवा मुलगी 'सी.ए. करते आहे' एवढेच ठाऊक असते. ही परीक्षा नेमकी कशी आहे, हे कळल्याखेरीज निकालाचा अर्थही कळत नाही. म्हणून प्रथम थोडी माहिती देतो.

'इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया' ही संस्था १९४९ च्या कायद्यान्वये १ जुलै १९४९ रोजी स्थापन झाली. भारतात सनदी लेखापाल होण्यासाठी या संस्थेच्या परीक्षा द्याव्या लागतात. त्यांच्या तीन पायऱ्या आहेत : फाउंडेशन, इंटरमीजिएट आणि फायनल. फाउंडेशनला चार विषय असतात. इंटरमीजिएट व फायनल या दोन्ही पायऱ्यांवर, १ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या नव्या योजनेनुसार, प्रत्येकी सहा विषय असून ते तीन-तीनच्या दोन गटांत विभागलेले आहेत. इंटरमीजिएटचे दोन्ही गट उत्तीर्ण झाल्यावर सनदी लेखापालाच्या हाताखाली दोन वर्षे उमेदवारी करावी लागते, जिला सर्वजण 'आर्टिकलशिप' म्हणून ओळखतात. पूर्वी ही मुदत तीन वर्षांची होती. उमेदवारी संपल्यावर सहा महिन्यांचा अवधी अभ्यासासाठी मिळतो आणि मग फायनलला बसता येते.

उत्तीर्ण होण्याचा नियम दुहेरी आहे. प्रत्येक विषयात १०० पैकी किमान ४० गुण हवेत आणि गटाची एकूण बेरीज ५० टक्के, म्हणजे ३०० पैकी १५० हवी. यांपैकी एकही अट चुकली तरी गट राहतो. दोन्ही गट एकाच वेळी दिल्यास सहाही विषयांत ४० गुण आणि ६०० पैकी ३०० अशी एकत्र बेरीजही ग्राह्य धरली जाते. एका गटातील जास्तीचे गुण दुसऱ्या गटाला तारून नेतात.

आकडे काय सांगतात?

मे २०२४ च्या फायनल परीक्षेत दोन्ही गटांना एकदम बसलेले परीक्षार्थी ३५,८१९ होते. त्यांपैकी दोन्ही गटांत उत्तीर्ण झाले ७,१२२. हे प्रमाण १९.८८ टक्के होते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबर महिन्यात ३०,७६३ जण दोन्ही गटांना बसले आणि ४,१३४ जण दोन्हींत उत्तीर्ण झाले, प्रमाण १३.४४ टक्के. म्हणजे मे महिन्यात दर पाचांमागे एक आणि नोव्हेंबरात दर पंधरांमागे दोन.

हे सर्वजण कोण होते? इंटरमीजिएटचे सर्व विषय पार करून, उमेदवारीचा काळ कष्टाने काढून तेथवर पोहोचलेले तरुण-तरुणी. त्यांतील बहुसंख्यांना त्या दिवशी संपूर्ण यश मिळाले नाही. काहींचा एक गट सुटला, काहींचा एकही सुटला नाही. एवढी सारी मुले आळशी किंवा मंदबुद्धी होती असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. जेथे अपयश एवढ्या मोठ्या प्रमाणावर येते, तेथे ते त्या वाटेवरील नेहमीचे वळण समजले पाहिजे.

मात्र या आकड्यांचा विपरीत अर्थही कोणी काढू नये. 'पंधरांत दोनच पास होतात, मग माझे नशीब कुठले?' असे म्हणणारा विद्यार्थी परीक्षेला सोडत समजतो. टक्केवारी सर्व परीक्षार्थींची मिळून काढलेली असते. त्यांत पूर्ण तयारीने बसलेले असतात, तसेच 'बसून तर पाहू' म्हणून बसलेलेही असतात. आपली तयारी किती झाली आहे, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

दुसरीकडे, आपल्या डोळ्यांसमोर सतत यशवंतच असतात. खासगी क्लासेसच्या जाहिरातींवर गुणवत्ता यादीतील मुलांचे हसरे चेहरे झळकतात. दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या प्रयत्नात उत्तीर्ण होऊन आज कचेऱ्या सांभाळणाऱ्यांची छायाचित्रे कोणी लावत नाही. त्यामुळे 'सगळे पास झाले, मीच तेवढा मागे राहिलो' असा भ्रम तरुण मनात सहज घर करतो.

'नापास' या एका शब्दात किती अर्थ?

तीन परीक्षार्थींचे एका गटातील गुण कल्पनेने घेऊ. पहिलीचे गुण आहेत ६२, ४८ व ३८, बेरीज १४८. दुसऱ्याचे ४७, ४४ व ४५, बेरीज १३६. तिसऱ्याचे ७१, ६६ व २९, बेरीज १६६. निकालपत्रावर तिघेही अनुत्तीर्ण आहेत. आवारात प्रश्न विचारला गेला तर तिघांनाही एकच उत्तर द्यावे लागेल. परंतु तिघांची स्थिती सर्वस्वी निराळी आहे.

पहिली मुलगी दोन गुणांनी एका विषयात आणि दोनच गुणांनी बेरजेत हुकली. शिवाय तिला एका विषयात ६० हून अधिक गुण आहेत. गटातील सर्व विषयांना बसून ज्याचा गट राहतो, पण एखाद्या विषयात ६० किंवा अधिक गुण मिळतात, त्याला पुढील तीन परीक्षांसाठी त्या विषयातून सूट मिळते आणि ते गुण बेरजेत धरले जातात. म्हणजे पुढच्या वेळी तिला दोनच विषय द्यायचे आहेत आणि त्या दोहोंत मिळून ८८ गुण हवे आहेत, प्रत्येकी ४० च्या खाली न जाता.

दुसरा मुलगा कोणत्याही विषयात ४० च्या खाली गेला नाही. तरीही तो राहिला, कारण बेरीज १४ गुणांनी कमी पडली. त्याला सूट कशातच नाही. त्याला सर्व विषय थोडेथोडे येतात, पण कोणताच विषय हातचा नाही. एखादा विषय पक्का करून तेथून बेरीज उचलणे, हा त्याचा उपाय.

तिसऱ्याला दोन विषयांत सूट मिळाली आहे. त्याला आता एकच विषय द्यायचा असून त्यात केवळ ४० गुण पुरेसे आहेत. खरे तर तो दाराशी येऊन उभा आहे. तरीही २९ या आकड्याच्या लाजेने असा मुलगा कित्येकदा सारे सोडून देण्याच्या गोष्टी करतो.

वैद्य जसा केवळ 'ताप आहे' यावरून औषध देत नाही, तापाचे कारण शोधतो, तसेच निकालाचे आहे. 'मी नापास झालो' हे वाक्य मनाला जखम करते आणि वाट मात्र दाखवीत नाही. 'मला लेखापरीक्षणात दोन गुण कमी पडले' हे वाक्य पुढच्या कामाचे आहे. (सुटीच्या मुदतीसंबंधीचे बारकावे संस्थेच्या संकेतस्थळावरून प्रत्येकाने स्वतः वाचून घ्यावेत, २०२४ पासून संस्थेने इंटरमीजिएटची परीक्षा वर्षातून तीनदा घेण्यास सुरुवात केल्यामुळे तीन परीक्षांची मुदत वर्षभरातच सरू शकते.)

प्रथम साठ्याची यादी

जमाखर्चाची द्विनोंदी पद्धत ज्या ग्रंथामुळे युरोपभर पसरली, तो ग्रंथ एका फ्रान्सिस्कन संन्याशाने लिहिला होता. लुका पाचोली हे त्याचे नाव. १४९४ साली व्हेनिस येथे त्याचा गणितावरील मोठा ग्रंथ छापला गेला आणि त्यातील एका भागात त्याने व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची हिशेबपद्धती समजावून सांगितली. ती पद्धती त्याने शोधून काढलेली नव्हती. व्यापारी ती आधीपासून वापरीत होते. त्याने ती नीट मांडली.

पाचोली व्यापाऱ्याला सर्वप्रथम काय करावयास सांगतो? रोजकीर्द व खतावणी या वह्या नंतर येतात. आधी स्वतःजवळ काय आहे आणि आपण काय देणे लागतो, याची संपूर्ण यादी करावयाची. त्या यादीखेरीज पुढचे सारे हिशेब हवेत राहतात.

परीक्षार्थीने हाच धडा स्वतःला लावावा. अभ्यासक्रमातील प्रत्येक प्रकरण पुढे घेऊन त्याची तीन भागांत विभागणी करावी : पुस्तक मिटूनही जे लिहिता येते ते, वाचताना समजते पण लिहिता येत नाही ते, आणि ज्याचे पान अजून उलटलेलेच नाही ते. ही यादी प्रामाणिकपणे करणे जड जाते. मधला भाग पहिल्यात घुसवण्याचा मोह होतो. ग्राहकाने बुडवलेली उधारी येणे म्हणून दाखवली, तर ताळेबंद देखणा दिसतो, पण दुकान चालत नाही. परीक्षा मधल्या भागाचे गुण देत नाही.

यादीसोबत एक चुकांची वही ठेवावी. सराव परीक्षेत जेथे गुण गेले, तेथे ते का गेले हे एका ओळीत लिहावे. संकल्पना समजली नव्हती, प्रश्न घाईने वाचला, आकडेमोड चुकली की वेळ पुरला नाही? महिनाभराने ती वही चाळली तर बहुतेकांना आढळेल की चुका अनेक असल्या तरी त्यांची कारणे दोन-तीनच आहेत. 'माझे डोके चालत नाही' या भीतीची जागा मग 'मी प्रश्नातील शेवटची अट वाचत नाही' अशी साधी, दुरुस्त होण्याजोगी गोष्ट घेते.

अभ्यास झाल्याचा भास

बारा-बारा तास पुस्तकापुढे बसूनही गुण का मिळत नाहीत, असा प्रश्न अनेक मुले आम्हांला विचारतात. त्याचे एक उत्तर मानसशास्त्रात आहे. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकेतील संशोधकांनी विद्यार्थ्यांना काही उतारे अभ्यासावयास दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. परंतु दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे पुढे गेले.

यातील मर्म ध्यानी घेण्याजोगे आहे. पुन्हा वाचताना ओळखीचे शब्द दिसतात आणि 'हे मला येते' असे सुख वाटते. आठवून लिहिताना अडखळायला होते, स्वतःचे अज्ञान उघडे पडते आणि मन खट्टू होते. म्हणजे ज्या पद्धतीने बरे वाटते ती कमी उपयोगाची, आणि ज्या पद्धतीने नामुष्की वाटते ती अधिक उपयोगाची! म्हणून सराव परीक्षेत कमी गुण पडले की अभ्यास वाया गेला असे समजू नये. चुका घरच्या टेबलावर झाल्या तर त्यांची किंमत काहीच नसते. संस्थेचे अभ्यास मंडळ सराव प्रश्नपत्रिका, उजळणीच्या प्रश्नपत्रिका आणि मागील परीक्षांची सुचवलेली उत्तरे संकेतस्थळावर उपलब्ध करून देते. तीन तासांचे घड्याळ लावून त्या लिहून काढणे, हा भीती कमी करण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

येथे 'सकारात्मक विचारा'बद्दलही दोन शब्द सांगितले पाहिजेत. कॅरोल ड्वेक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात, बुद्धी ठरीव नसून प्रयत्नाने व योग्य पद्धतीने वाढते असे मानणारी मनोवृत्ती कशी हितकारक आहे हे मांडले. तो विचार जगभर पोहोचला. पुढे २०१९ साली अमेरिकेतील नववीच्या सुमारे १२ हजार विद्यार्थ्यांवर केलेल्या मोठ्या अभ्यासात, हा विचार थोडक्यात समजावून दिल्याने अभ्यासात मागे असलेल्या मुलांच्या गुणांत सुधारणा दिसली. मात्र ती माफकच होती. याचा अर्थ असा की मनोवृत्ती दार उघडते, पण आत चालत जावे लागते. आरशासमोर उभे राहून 'मी पास होणारच' असे शंभरदा म्हणण्यापेक्षा एक प्रश्न पूर्ण लिहून तपासणे अधिक लाभाचे.

एकटेपणा आणि झोप

सी.ए.च्या अभ्यासाचे एक दुःख बाहेरच्यांच्या ध्यानी येत नाही. महाविद्यालयात मित्र असतात, तास असतात, भांडणे आणि हसणेही असते. उमेदवारीच्या काळात कचेरी असते, विरार लोकलमधले सोबती असतात. फायनलच्या आधीचे सहा महिने मात्र खोली, खुर्ची आणि पुस्तके एवढेच जग उरते. ज्यांच्याबरोबर बारावी केली ते नोकरीला लागलेले असतात, त्यांचे पगार सुरू झालेले असतात. घरात वडिलांकडे पैसे मागताना जीभ अडखळते. मोबाईल उघडावा तर कुणी सहलीला गेलेले, कुणाचा साखरपुडा झालेला.

अशा वेळी माणसांपासून दूर जावेसे वाटते आणि तेच घातक ठरते. अभ्यासिकेत जाऊन बसणे, आठवड्यातून एकदा सहाध्यायीबरोबर तासभर प्रश्न सोडवणे, सायंकाळी अर्धा तास चालून येणे, घरच्यांबरोबर एक जेवण मोबाईलविना घेणे, या गोष्टी वेळेचा अपव्यय नव्हेत. यंत्राच्या देखभालीचा खर्च कोणताही लेखापाल उधळपट्टी म्हणून लिहीत नाही.

झोपेचेही तसेच आहे. संस्थेचे ब्रीदवाक्य कठोपनिषदातून घेतलेले असून त्यात जागृतीचा उल्लेख आहे. काही विद्यार्थी गमतीने म्हणतात, संस्थेनेच आम्हांला जागत राहावयास सांगितले आहे! ती जागृती सावधपणाची आहे, रात्र रात्र डोळे ताणण्याची नव्हे. दिवसा शिकलेले झोपेत पक्के होते, हे विज्ञानाने पुरेसे स्पष्ट केले आहे. पहाटे चारपर्यंत जागून दुसऱ्या दिवशी प्रश्न तीनदा वाचावा लागत असेल, तर तो सौदा तोट्याचा आहे.

परीक्षेचे दिवस

परीक्षेच्या दिवसांत सर्वाधिक हानी करणारा क्षण बहुधा पहिल्या किंवा दुसऱ्या विषयानंतर येतो. प्रश्नपत्रिका अवघड गेलेली असते. केंद्राबाहेर उत्तरे ताडून पाहिली जातात. 'आता गट गेलाच, पुढचे विषय देऊन काय उपयोग?' असा विचार मनात येतो आणि काहीजण खरोखरच पुढच्या विषयाला जात नाहीत. वर दिलेला नियम येथे आठवावा. सूट मिळण्यासाठी गटातील सर्व विषयांना बसलेले असावे लागते. जो मधूनच उठून जातो तो त्या गटातील आपले चांगले गुणही घालवून बसतो. शिवाय अवघड वाटलेला विषय प्रत्यक्षात ४५ गुणांनी सुटल्याचीही उदाहरणे आहेत. म्हणून निर्णय आधीच करून ठेवावा : काहीही झाले तरी शेवटच्या विषयापर्यंत बसायचे आणि केंद्राबाहेर उत्तरांची चर्चा करायची नाही.

इंटरमीजिएट व फायनलला लेखन सुरू होण्यापूर्वी प्रश्नपत्रिका वाचण्यासाठी पंधरा मिनिटे मिळतात. छातीत धडधडत असेल तर ती धडधड हे आजाराचे लक्षण समजू नये. शरीर कामाला सज्ज होत आहे इतकेच. ती पंधरा मिनिटे ज्या प्रश्नाचे उत्तर निश्चित येते तो शोधण्यात घालवावी. पहिले उत्तर हातून नीट उतरले की मन आपोआप खाली बसते. काळजीने स्मरणातील जागा अडवलेली असते. हात चालू लागला की ती मोकळी होते.

निकालानंतर

निकाल मनासारखा न लागल्यास पहिले काही दिवस कोणताही मोठा निर्णय घेऊ नये. परीक्षा सोडण्याचाही नको आणि त्याच रात्री नव्या क्लासचे शुल्क भरण्याचाही नको. रडू आले तर रडावे. त्यात कमीपणा नाही.

मग शांत मनाने गुणपत्रिका हाती घ्यावी आणि वरच्या तिघांपैकी आपण कोणासारखे आहोत ते पाहावे. विहित मुदतीत अर्ज व शुल्क भरून गुणांची पडताळणी करून घेता येते, तसेच स्वतःच्या उत्तरपत्रिकेची प्रतही मागवता येते. आपलीच उत्तरपत्रिका परक्याच्या नजरेने वाचणे हा मोठा शिक्षक आहे. 'मला सगळे येत होते' असे वाटणाऱ्याला दिसते की निष्कर्ष लिहिलाच नव्हता, किंवा चार गुणांच्या प्रश्नाला दोन पाने खर्च झाली होती.

थांबणे म्हणजे हरणे नव्हे

एक अवघड गोष्टही सांगितली पाहिजे. प्रत्येकाने शेवटपर्यंत झगडत राहिलेच पाहिजे असे आम्ही म्हणणार नाही. काहींच्या घरची परिस्थिती वाट पाहण्याजोगी नसते. काहींचे मन या विषयात रमत नाही. आईवडिलांच्या इच्छेखातर ते चालत असतात. अशांनी थांबावे की नाही, हे निकालाच्या रात्री न ठरवता परीक्षेपूर्वीच घरच्यांबरोबर बसून ठरवावे : आणखी किती प्रयत्न, किती खर्च आणि तोवर उत्पन्नाचे काय. मर्यादा आधी ठरलेली असेल तर थांबणे हा शहाण्या माणसाचा निर्णय असतो.

आणि थांबल्यावर हाती काहीच उरत नाही, असेही नाही. इंटरमीजिएटपर्यंतचे ज्ञान आणि दोन वर्षांच्या उमेदवारीत कर, लेखापरीक्षण व हिशेब यांचे झालेले काम बँकांत, कंपन्यांत, सहकारी संस्थांत, स्वतःच्या धंद्यातही उपयोगी पडते. ते पैसे आणि ती वर्षे बुडीत खाती टाकण्याची घाई कोणी करू नये.

आपण काय करू शकतो?

आईवडिलांनो, मुलगा निकाल घेऊन घरी येतो तेव्हा तो तुमच्या तोंडाकडे पाहत असतो. त्या क्षणी 'आम्ही तुझ्यासाठी किती खर्च केला' हे वाक्य उच्चारले जाऊ नये. 'शेजारच्यांच्या पोराने एका झटक्यात काढली' हे तर नकोच. 'जेवलास का?' हा प्रश्न पुरेसा आहे. गुणांची चर्चा चार दिवसांनी, त्याने आपण होऊन काढली तर करावी. परीक्षेच्या काळात घरातील पाहुणे, दूरदर्शनचा आवाज, कामांचा तगादा यांना आवर घालणे ही खरी मदत.

मूल जेवेनासे झाले, रात्ररात्र झोपत नसले, कोणाशीच बोलत नसले, जगण्यात अर्थ नाही अशा आशयाचे बोलू लागले, तर 'परीक्षेचे टेन्शन आहे, जाईल' म्हणून टाळू नये. त्याला एकटे सोडू नये. डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. भारत सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेलि-मानस' ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य, मराठीतूनही बोलता येते. तापाला औषध घेण्यात जशी लाज नाही, तशी मनाच्या दुखण्यालाही नसावी.

आणि चर्चच्या आवारात उभे राहणारे आपण सर्व? आपण तो प्रश्नच थोडा बदलू या. 'निकाल लागला का?' याऐवजी 'कशी आहेस?' असे विचारू या आणि उत्तर ऐकण्यासाठी दोन मिनिटे थांबू या. आपल्या धर्मग्रामांत अनेक अनुभवी सनदी लेखापाल आहेत. त्यांनी वर्षातून एकदा तरी या मुलांबरोबर बसावे आणि आपल्या यशाबरोबर आपले राहिलेले गटही मोकळेपणाने सांगावेत. ज्या मुलीला वाटते की जगात आपणच एकट्या नापास झालो, तिला त्या एका संध्याकाळचा मोठा आधार वाटेल.

लेखापाल जेव्हा एखाद्या व्यवसायाचा वर्षाचा हिशेब काढतो, तेव्हा तो व्यवसाय पुढेही चालू राहणार आहे हे गृहीत धरून काढतो. एका वर्षीच्या तोट्यावरून दुकानाला कुलूप लावा असे तो म्हणत नाही. तोटा कशात झाला ते दाखवून देतो. आमच्या मुलामुलींनी स्वतःचा हिशेब याच रीतीने करावा आणि आपणही त्यांचा तसाच करावा. पहाटेच्या मिस्सेला जाणारी ती मुलगी पुन्हा आठ वाजताच्या मिस्सेला येऊ लागावी, निकाल काहीही लागलेला असो, एवढीच आमची इच्छा आहे.

परीक्षेला बसणाऱ्या सर्व विद्यार्थ्यांना आमच्या मनःपूर्वक शुभेच्छा!